तोंडी हुकूम आणि कोरा कागद



जिनिंगवर कापूस घातलेला शेतकरी काट्याची पावती खिशात पडल्याशिवाय गाडी वळवत नाही. व्यापारी ओळखीचा असो की सोयरा असो, पावती पाहिजेच. हे शहाणपण काही पोथीतून आलेले नाही. मापात किती गेले, कडत्यात किती गेले, याची किंमत बापजाद्यांनी मोजली तेव्हा ही सवय अंगी लागली. पण हाच शेतकरी पोलीस ठाण्यात जातो तेव्हा पावतीचे नाव काढत नाही. पोलीस पाटील सांगून जातो, "साहेबांनी बोलावलंय," आणि आपण वेचणी तशीच टाकून निघतो. दिवसभर बाकावर बसून राहतो. दिवेलागणीला कोणी तरी कागद पुढे सरकवतो, "इथं सही कर." सही करून घरी येतो आणि सुटलो म्हणून देवाला नारळ फोडतो. त्या कागदावर काय लिहिले होते, हे विचारले तर सांगता येत नाही.

गंमत अशी, की हा भित्रा माणूस नव्हे. रस्ता रोकोत पहिल्या रांगेत बसलेला, लाठ्या खाल्लेला, हसत हसत तुरुंगात गेलेला हाच शेतकरी आहे. १९८६ च्या डिसेंबरात कापसाच्या आंदोलनात तेव्हाच्या परभणी आणि आताच्या हिंगोली जिल्ह्यातील सुरेगावला गोळीबार झाला, तीन शेतकरी पडले. त्यानंतरही लोक रस्त्यावर यायचे थांबले नाहीत. मग मोटार चोरीला गेल्याची फिर्याद द्यायला त्याच माणसाचे पाय का जड होतात? आम्हाला याचे एकच उत्तर दिसते. आंदोलनात तो हजारांत असतो आणि आपण काय करतो आहोत हे त्याला ठाऊक असते. ठाण्यात तो एकटा असतो आणि समोरच्याला कायदा माहीत आहे, आपल्याला नाही, असे धरून चालतो.

यातले दुसरे गृहीत निम्मे खोटे आहे. ठाण्यातली बरीचशी दहशत तोंडी असते. "बसवून ठेवा", "उद्या या", "बघून घेऊ", यातला एक शब्दही कागदावर येत नाही. कायद्याचे नेमके उलटे आहे. बोलवायचे तर लेखी, तक्रार घ्यायची तर लेखी, अटक करायची तर कारणासकट लेखी, माल उचलायचा तर यादी करून लेखी. ज्या ज्या ठिकाणी शेतकरी नाडला जातो, तिथे कायद्याने कागद सांगितलेला असतो आणि तो कागद झालेला नसतो. किंवा झालेला असतो, पण आपली सही कोऱ्यावर घेऊन.

आता कलमांचे आकडेही बदलले आहेत. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. गावात अजून "एकशे एक्कावन लावली", "एकशे सातची चाप्टर केस" हीच भाषा चालते. चालू द्या. आपल्या कामाची बहुतेक कलमे पाटी बदलून तीच राहिली आहेत. जिथे खरा फरक पडला तिथे आम्ही सांगू.

अंगणातला जबाब

सर्वात जड गोष्ट आधी. कर्जापायी आणि नापिकीपायी ज्या घरातला कर्ता माणूस आत्महत्या करून गेला, अशा घरांच्या ओसरीवर आपण सगळेच कधी ना कधी बसलो आहोत. घरात प्रेत आहे, त्याची बायको शुद्धीवर नाही, म्हातारा बाप भिंतीला टेकून बसला आहे आणि अंगणात खुर्ची टाकून जमादार जबाब लिहून घेतो आहे. "काही व्यसन होतं का?" कोणी तरी भाबडेपणाने म्हणतो, "सणावाराला घ्यायचा कधी." कागदावर उतरते, मयत दारूच्या आहारी गेला होता. "घरात काही बोलाचाली?" "कोणाच्या घरात नसते साहेब?" कागदावर उतरते, घरगुती वाद. खाली भावाचा अंगठा. बँकेची नोटीस, दुबार पेरणी, बोंडअळीने गेलेली पऱ्हाटी यांतले एक अक्षर त्यात नसते. कोणी विचारले नाही म्हणून कोणी सांगितले नाही.

शासनाने २००६ साली अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरवली. ती द्यायची की नाही हे ठरवताना जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जे कागद जातात त्यांत पोलिसांचे हे कागदही असतात. काही महिन्यांनी विधवेच्या हातात एका ओळीचे उत्तर पडते, प्रकरण अपात्र. लाख रुपयांनी माणूस परत येत नाही, आणि लाखभरात कोणाचे कर्जही फिटत नाही. पण आपला नवरा दारूपायी मेला असे सरकारी दप्तरात कायमचे लिहिले गेले, हे त्या बाईने काय म्हणून सोसायचे?

कायदा काय सांगतो? अकस्मात मृत्यूची चौकशी नव्या संहितेच्या कलम १९४ खाली होते (जुने १७४). पोलिसाने जागेवर येऊन शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर तपास करून अहवाल लिहायचा असतो. त्या अहवालावर सह्या कोणाच्या? पोलीस अधिकाऱ्याची, आणि हजर असलेल्यांपैकी ज्यांना तो मजकूर पटला असेल त्यांची. हे कलमातच आहे. म्हणजे पंचाची सही हा उपचार नव्हे, ती संमती आहे. मजकूर पटला नाही तर सही न करणे हा पंचाचा गुन्हा होत नाही. तीच गोष्ट जबाबाची. तपासात पोलिसाने लिहून घेतलेल्या जबाबावर, तो देणाऱ्याची सही घेऊ नये असे कलम १८१ मध्ये लिहिले आहे. मग अंगणात अंगठे कशाचे उमटतात?

म्हणून आमचे सांगणे आहे. असा प्रसंग गावात आला तर रडणाऱ्या घराला एकटे सोडू नका. ज्याला त्या घराचा हिशेब माहीत आहे, किती पेरण्या झाल्या, सोसायटीचे किती, सावकाराचे किती, ते सांगू शकेल, असा एक जाणता माणूस पंच म्हणून उभा राहू द्या. त्याने ते सांगावे आणि लिहायला लावावे. लिहिलेले वाचून दाखवायला सांगावे. आणि एवढे करूनही लिहिले गेले नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरच्यांच्या नावाने साध्या कागदावर तीच हकिगत लिहून ठाण्याला आणि तहसीलदाराला द्यावी, आणि आवक शिक्का मारलेली प्रत सातबाऱ्याच्या शेजारी जपून ठेवावी. पुढे समितीपुढे बोलायला तोच एक साक्षीदार उरतो.

चोरी झाली, पण गुन्हा नाही

विहिरीवरची मोटार, केबल, स्टार्टर, स्प्रिंकलरचे पाइप, खळ्यावरची ज्वारी, ओसरीत रचलेला कापूस. चोराला आपल्या शिवारात काय काय मिळते याची यादी मोठी आहे. आपण ठाण्यात जातो आणि अर्ज लिहून देतो. अर्ज घेतला जातो. त्याची पोचही कधी कधी मिळते. आणि आपण समजतो की गुन्हा नोंदला गेला. अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे! गुन्हा नोंदला तर प्रथम खबर लिहिली जाते, तिला क्रमांक पडतो, ती वाचून दाखवली जाते, तिच्यावर तुमची सही होते आणि तिची प्रत तुम्हाला फुकट मिळते. कलम १७३ (जुने १५४). यातले काही झाले नसेल तर तुमची मोटार सरकारच्या लेखी अजून विहिरीवरच आहे. हद्दीचा वाद घालूनही परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्याने फिर्याद घ्यावी आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवावी, हे आता कायद्यातच आले आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करणे पोलिसांना बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला.

इथे नव्या कायद्याने एक मेख मारून ठेवली आहे ती नीट समजून घ्या. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र झाली आहे. अदखलपात्र म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. शहरातल्या कायदेपंडिताला पाच हजार किरकोळ वाटले असतील. आमच्या कोरडवाहू माणसाची तेवढ्यात एका एकराची बियाणे-खताची गाठ पडते. म्हणून ठाण्यात जाण्याआधी काय काय गेले त्याची आजच्या भावाने यादी करा. केबल किती फूट, स्टार्टर कोणता, मोटार किती अश्वशक्तीची, आणि दुकानाचे बिल असेल तर जोडा. "जुनीच होती ना, टाका तीन हजार," असे म्हणत कोणी किंमत लिहू लागला तर तिथेच हात धरा (म्हणजे तोंडाने!). आणि राहत्या घरातून किंवा माल साठवण्याच्या इमारतीतून चोरी झाली असेल तर ती साधी चोरी नाहीच. न्याय संहितेत तिचे कलम ३०५ वेगळे आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ओसरीतला कापूस आणि शेतातला कापूस यांत हा फरक पडतो.

"आधी चौकशी करू, मग बघू," असेही ऐकायला मिळते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अशी प्राथमिक चौकशी करायला नव्या कायद्याने वाव दिला आहे, हे खरे. पण त्याला उपअधीक्षकाची परवानगी लागते आणि मुदत चौदा दिवसांची. पंधराव्या दिवशी विचारायला जा. तरीही नोंद होत नसेल तर फिर्यादीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकाकडे पाठवा, रजिस्टरची पावती ठेवा, आणि तिथूनही काही हालले नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण कोणी काढली ठाऊक नाही. ती काढणाऱ्याची मोटार चोरीला गेली नसावी.

कापूस उचलून पैसे न देता गायब होणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल "हा दिवाणी मामला आहे" असे सांगितले जाते. प्रत्येक थकलेले बिल ही फसवणूक नसते, हे आपणही मान्य केले पाहिजे. धंद्यात बुडालेला आणि बुडवायलाच आलेला यांत फरक आहे. पण ज्याने दहा गावांतून माल उचलला, न वटणारे धनादेश वाटले आणि एका रात्रीत गाळा रिकामा केला, त्याचा इरादा काय होता हे तपासणे पोलिसांचेच काम आहे. अशा वेळी एकेकट्याने जाऊ नका. दहाही गावांच्या काट्याच्या पावत्या एकत्र घेऊन जा. इरादा एका पावतीतून दिसत नाही, दहा पावत्यांतून दिसतो.

बोलावणे आणि अटक

साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर कलम १७९ खाली लेखी हुकूम लागतो. त्यातही बाईमाणसाला, साठ वर्षांवरच्या आणि पंधरा वर्षांखालच्या पुरुषाला, अपंगाला, गंभीर आजारी माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे. आपल्याकडे कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी बांधाच्या भांडणातले साक्षीदार म्हणून ठाण्यापर्यंतची एसटी धरली असेल! आरोप असलेल्या माणसाला, अटकेची गरज नसेल तर, कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ती आली तर मात्र जायचेच, टाळायचे नाही. नोटीस पाळणाऱ्याला, खास कारणे लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. आणि ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली बजावले आहे.

"अटक नाही हो, नुसतं बसवून ठेवलंय," हे वाक्य कायद्याला ठाऊक नाही. उठून घरी जाण्याची मोकळीक नसेल तर ती अटकच. कागदावर वेळ कोणतीही लिहिलेली असो, माणसाला अडवले तेव्हापासूनच अटक धरायची, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली सांगितले आहे. तेव्हापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हा हक्क कोणा साहेबाच्या मेहरबानीने नाही, संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने दिलेला आहे.

अटकेचा कागद हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी, घरी कळवायला हवे, वैद्यकीय तपासणी हवी. १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात न्यायालयाने घालून दिलेले हे नियम पुढे कायद्यात आले. तपासणीच्या वेळी अंगावर मार असेल तर तिथेच डॉक्टरला दाखवा. वळ आठवड्याने जातात, डॉक्टरचा कागद राहतो. अटकेची कारणे लेखी द्यावीत आणि अटक झालेल्याला समजते त्या भाषेत द्यावीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. लगेच जमले नाही तरी कोठडी मागण्यासाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी तो कागद हातात पडला पाहिजे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असला तर न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी आणि महिला पोलीस अधिकारी, दोन्ही लागतात. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये: कोठडीतल्या माणसाला, कोणत्याही बाईला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला विधी सेवा समितीचा वकील फुकट मिळतो. दूरध्वनी १५१००.

आंदोलनाच्या आदल्या रात्री कार्यकर्त्यांच्या घरी येणारी "एकशे एकोणपन्नासची नोटीस" आता १६८ ची झाली आहे. ती शिक्षा नव्हे आणि अटकही नव्हे. घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा, प्रत ठेवा. मंत्र्याचा दौरा आहे म्हणून कलम १७० खाली उचलले तरी चोवीस तासांची मर्यादा तिथेही आहे. बेड्या घालून मिरवणे चालत नाही; खून, दरोड्याच्या टोळ्या, सराईत गुन्हेगार यांच्यासारख्यांसाठी तेवढी मुभा नव्या कायद्यात आहे, कापसाला भाव मागणारा त्या यादीत नाही.

रस्त्यावरचे थोडक्यात. ट्रॅक्टर अडवला तर थांबा, परवाना आणि गाडीची कागदपत्रे दाखवा; २०१८ पासून मोबाइलमध्ये सरकारी ॲपवर असलेली कागदपत्रेही चालतात. दंड असेल तर पावती. कागद ठेवून घेतले तर पोच. रात्री जागलीला जाताना गस्तीच्या गाडीने हटकले तर नाव-गाव खरे सांगा, अरेरावी करू नका. तो हवालदारही बहुधा कोणा कोरडवाहूवाल्याचाच पोरगा असतो, बारा तास उभा असतो. आमचे भांडण त्याच्याशी नाही.

ठाण्यात मोबाइलवर चित्रण केले म्हणून वर्ध्याच्या एका माणसावर गोपनीयता कायद्याखाली गुन्हा लावला होता. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. पोलीस ठाणे त्या कायद्यातले निषिद्ध ठिकाण नाही, असे सांगितले. म्हणून आल्या-गेल्याच्या तोंडापुढे मोबाइल धरावा असे आम्ही म्हणत नाही. त्यापेक्षा एक शांत माणूस सोबत न्यावा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने गेल्या दोन वर्षांत ठाण्यात दिलेल्या आणि गुन्हा म्हणून न नोंदलेल्या चोरीच्या अर्जांच्या प्रती आणाव्यात. ज्यांच्याकडे पोच नाही त्यांनी तारीख आणि अर्ज कोणाच्या हातात दिला तेवढे लिहून आणावे. अपात्र ठरलेल्या घरांचे पंचनामे मिळाले असतील तर तेही आणा. बैठकीतच त्यांची एक यादी करू आणि पोलीस अधीक्षकांकडे सगळे मिळून जाऊन देऊ. पोच घेऊनच परत येऊ.